कृत्रिम चकती आणि आरामाची अपेक्षा

झाशी म्हटले की मराठी वाचकाला १८५७ चे वर्ष आठवते. आजची झाशी छावणी मात्र रणगाड्यांची आणि अवजड वाहनांची छावणी आहे. तेथील एखाद्या हवालदाराची कल्पना करावी. वय चाळीसच्या आसपास. मानेतून निघालेली कळ खांद्यावरून उतरून हाताच्या मधल्या बोटापर्यंत जाते. त्या बोटाला मुंग्या येतात. दार ढकलताना हातात पूर्वीचे बळ राहिलेले नाही. सैन्यात जवानाची प्रकृती ‘शेप’ या श्रेणीपद्धतीने मोजतात, आणि त्या श्रेणीचा परिणाम त्याच्या नेमणुकीवर व बढतीवर होतो. अशा माणसाला कोणी सांगते, ‘मानेत कृत्रिम चकती बसवून घ्या, आराम पडेल.’ त्याच्या संसाराचा आणि नोकरीचा सारा भार मग ‘आराम’ या एका शब्दावर येऊन पडतो. हा शब्द फार ढोबळ आहे. प्रत्येक लक्षणाच्या आरामाचे प्रमाण निराळे व काळही निराळा असतो, हे रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वीच कळले पाहिजे.

मानेत सात मणके असतात. वरचे दोन सोडल्यास मणक्यामणक्यांच्या मध्ये चिवट, लवचिक चकती असते. चकतीचा गाभा मागे सरकला, किंवा झिजलेल्या कडांवर हाडाचे टोक वाढले, म्हणजे शेजारून निघणारा मज्जातंतू दाबला जातो. सहाव्या व सातव्या मणक्यांमधील चकती बिघडली तर सामान्यतः सातवा मज्जातंतू दाबला जातो. मग कळ मधल्या बोटाकडे जाते आणि कोपर सरळ करणारा स्नायू दुर्बळ होतो. हवालदाराची लक्षणे नेमकी हीच आहेत. दुखणे हातात जाणवत असले, तरी त्याचे मूळ मानेत आहे.

शस्त्रक्रियेत गळ्याच्या पुढल्या बाजूने जाऊन बिघडलेली चकती काढतात आणि मज्जातंतूवरील दाब दूर करतात. रिकाम्या झालेल्या जागेत हाड अथवा आधार बसवून दोन मणके सांधून टाकण्याची पद्धत १९५० नंतरच्या दशकात रूढ झाली. त्याच जागी हलणारी कृत्रिम चकती बसवण्याचे प्रयत्न पुढे झाले. अमेरिकेत अशा चकतीला पहिली शासकीय मान्यता २००७ साली मिळाली. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. हाताची कळ थांबते ती मुख्यतः दाब दूर झाल्यामुळे, आणि दाब दूर करणे हे दोन्ही पद्धतींत समानच आहे. कृत्रिम चकतीचा विशेष एवढाच की त्या ठिकाणची हालचाल टिकते. वेदना शमवण्याचा गुण त्या धातूच्या तुकड्यात नाही.

आता लक्षणे एकेक करून पाहू. हाताची कळ सर्वांत आधी हटते. अनेकांना ती शुद्धीवर येताच किंवा काही दिवसांत उणावल्याचे जाणवते. मुंग्या व बधिरपणा यांना आठवडे, कधी महिने लागतात, आणि बोटाच्या टोकाशी थोडा बधिरपणा कायमही राहू शकतो. स्नायूंचे बळ अनेक महिन्यांनी परतते. दाब फार काळ राहिला असेल तर ते पुरते परत येईलच असे नाही. खुद्द मानदुखीविषयी मात्र खात्री सर्वांत कमी. पुष्कळांची मानदुखी कमी होते हे खरे. परंतु ती स्नायूंतून किंवा मणक्यांमागील लहान सांध्यांतून येत असेल, तर चकती बदलून ती कशी जावी? अमेरिकेतील मान्यतेसाठीच्या चाचण्यांत ज्यांचे मज्जातंतू अथवा मज्जारज्जू दाबले गेले होते असेच रुग्ण घेतले होते. त्या चाचण्यांच्या यशाचा आधार घेऊन नुसत्या मानदुखीच्या रुग्णाला आरामाची हमी देणे सयुक्तिक नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस वा आठवडे घास गिळताना त्रास होणे, आवाज घोगरा होणे, खवाट्यांच्या मध्ये दुखणे, हेही अनेकांना अनुभवास येते. हे आधी सांगितलेले असले तर रुग्ण घाबरत नाही.

कृत्रिम चकतीची खरी परीक्षा काही वर्षांनंतर होते. दोन मणके सांधल्यावर शेजारच्या चकत्यांवर ताण वाढतो असे मानतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मणके सांधलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांना दहा वर्षांच्या आत शेजारच्या ठिकाणी नवी लक्षणे उद्भवतील असा अंदाज निघाला. त्यांपैकी किती दोष सांधण्याचा आणि किती वयोमानाचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. अमेरिकेतील चाचण्यांत सात वर्षांपर्यंत कृत्रिम चकतीच्या रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया कमी वेळा करावी लागली, ही तिच्या बाजूची भक्कम गोष्ट होय. मात्र त्या चाचण्या उत्पादकांच्या खर्चाने झाल्या होत्या, हेही विसरू नये. शिवाय हाडे ठिसूळ असतील, मागील सांधे फार झिजले असतील किंवा मणके अस्थिर असतील, तर ही चकती योग्य ठरत नाही. काहींच्या बाबतीत तिच्याभोवती नवे हाड वाढून हालचालही पुन्हा बंद होते.

तर मग घाई कोणी करावी आणि कोणी थांबावे? भारतीय मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. के. राधाकृष्णन व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ५६१ रुग्णांची पाहणी १९९४ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे २६ टक्के रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली. आणि अखेरच्या तपासणीच्या वेळी सुमारे ९० टक्के रुग्णांना त्रास मुळीच नव्हता किंवा अल्प होता. म्हणजे बहुसंख्य रुग्ण शस्त्राविनाच सावरतात. म्हणून बळ झपाट्याने घटत नसेल, तर काही आठवडे औषध, विश्रांती व व्यायाम यांना अवसर देणे शहाणपणाचे होय. परंतु चाल अडखळू लागली, सदऱ्याची बटणे लावताना बोटे चुकू लागली किंवा लघवीवरील ताबा सुटू लागला, तर खुद्द मज्जारज्जू दाबला जात असण्याचा संभव असतो. तेथे विलंब घातक ठरतो. अशा शस्त्रक्रियेचा पहिला हेतू पुढील हानी रोखणे हा असतो. गेलेले सर्व परत येईल असे वचन कोणी देऊ नये.

हवालदाराने ‘आराम पडेल का?’ असे विचारू नये. कळ, मुंग्या, बळ आणि मानदुखी यांपैकी काय जाईल, किती जाईल व किती दिवसांत जाईल, असे चार निरनिराळे प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि घरच्यांनाही वाचून दाखवावीत. झाशीत काय, पुण्यात काय, शस्त्रवैद्यानेही ती न विचारता द्यावीत. कारण हाताची कळ गेलेला माणूस मान अजून दुखते म्हणून स्वतःस फसवला गेलेला समजतो, तेव्हा दोष पुष्कळदा शस्त्राचा नसतो. आधी दिलेल्या मोघम शब्दाचा असतो.