बर्फ पडला का?

नोव्हेंबर उजाडला की इंडियातून येणाऱ्या प्रत्येक फोनची सुरुवात एकाच प्रश्नाने होते. ‘काय गं, बर्फ पडला का?’ मावशी विचारते, डोंबिवलीच्या सोसायटीतले काका विचारतात, पुण्यातल्या जुन्या ऑफिसचा ग्रुप तर रोजच विचारतो. माझं उत्तरही ठरलेलं. नाही हो, पाऊस पडतोय. मग पलीकडे दोन सेकंद शांतता. ‘अय्या, डिसेंबरात पाऊस?’ आणि त्या स्वरात अशी काही निराशा, की जणू माझ्या व्हिसाचे पैसे त्यांनीच भरले होते.

तर मंडळी, आज एकदाचं सांगूनच टाकते. लंडनचा हिवाळा म्हणजे बर्फ नव्हे. शिफॉनची साडी नेसून हिरॉइन जिथे नाचते ते स्वित्झर्लंड. इथे असते ती ओल. ऑक्टोबर संपता संपता सुरू होते ती थेट मार्चपर्यंत. पारा शून्याखाली जातो तो अधूनमधूनच, एरवी आपला सात-आठ अंशांवर रेंगाळत बसतो. तुम्ही म्हणाल, हॅ, निफाडला याहून जास्त गारठा असतो! असतो ना. पण निफाडला दुपारी ऊन पडतं हो! इथे २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आधी मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. दिवस नावाची गोष्ट फक्त लंच अवरमध्ये बघायची, तीसुद्धा काचेतून. हिवाळाभर रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्या, असा सल्ला इथलं सरकारच देतं. यावरून काय ते समजा.

आणि पाऊस? तो तर फसवाच. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे लंडनला दीड वर्ष पुरेल एवढा पाऊस आपण मुंबईकरांनी चोवीस तासांत पाहिलाय. पण हे लोक तेवढाच पाऊस च्युइंगगमसारखा ताणतात. धो धो नाही, सर नाही, नुसती पिरपिर. छत्री उघडावी तर वारा ती उलटी करून हातात देतो. माझं पहिलं जॅकेट मी ‘वॉटर रेझिस्टंट’ असं लेबल बघून घेतलं होतं. ‘वॉटर रेझिस्टंट’ आणि ‘वॉटरप्रूफ’ यांत काय फरक असतो, हे मला बस स्टॉपवर वीस मिनिटांत कळलं. इकडे यायच्या तयारीत असलेल्या सगळ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

मुळात चूक माझीच झाली. मी इथे आले सप्टेंबर २०२२ मध्ये. आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या रविवारी रात्री लंडनमध्ये मस्त बर्फ पडला. सकाळी उठून बघते तर समोरच्या गाड्या, कचऱ्याचे डबे, सायकलची सीटं, सगळं पांढरंशुभ्र. ट्रेन बोंबलल्या होत्या, पण मला काय त्याचं! मी नाइट ड्रेसवर कोट चढवून रस्त्यावर, आणि तिथूनच आईला व्हिडीओ कॉल. आईने फोन इतका डोळ्यांजवळ धरला की मला फक्त तिचं कपाळ दिसत होतं. ‘पडताना कसा दिसतो गं?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘आता थांबलाय. तू असं कर, पुढच्या वर्षी इकडेच ये. दाखवते तुला.’

पुढच्या वर्षी. हे शब्द आमच्या घरात जरा जपून वापरायला हवेत. आईबाबांचं लग्न डिसेंबर १९८९ चं. १९९० च्या मे महिन्यातलं काश्मीरचं बुकिंग झालेलं, आईने लोकरीचा लाल स्वेटरसुद्धा विणून ठेवलेला. त्या वर्षी काश्मीरमध्ये काय परिस्थिती झाली ते सगळ्यांनाच माहीत आहे. टूर रद्द. दोघं माथेरानला जाऊन आले. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी मी आले. मग घराचं कर्ज, मग माझी दहावी, बारावी, इंजिनिअरिंग. २०२१ मध्ये बाबा गेले. स्वेटर अजून आहे.

तर २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस आई क्रॉयडनमधल्या माझ्या वन बेडरूम फ्लॅटवर दाखल झाली. दोन बॅगा, त्यांत चकलीची भाजणी, मेतकूट, गोधडी आणि तो स्वेटर. चौथ्याच दिवशी वादळ आलं. इथे मोठ्या वादळांना नावं ठेवायची पद्धत आहे, एबीसीडीच्या क्रमाने. त्या वेळी होतं सी. टीव्हीवरची बाई म्हणाली, कीरान. आई उठूनच बसली. ‘किरण? वादळाचं नाव किरण?’ मी म्हटलं, आई, आयरिश नाव आहे ते. ‘असेल. पण आमच्या शाळेतला किरणही अस्साच होता.’ (आई बत्तीस वर्षं शिक्षिका होती.)

त्यानंतर वादळांची नुसती रांग लागली. तो ऑक्टोबर ते मार्च हा काळ ब्रिटनमधल्या आजवरच्या सर्वांत ओल्या हिवाळी सहामाहींपैकी एक ठरला. मला रोज अपराधी वाटायचं. आईला बर्फ दाखवायला आणलं आणि दाखवतेय काय, तर बेडरूमच्या कोपऱ्यातली काळी बुरशी! दरवर्षी नोव्हेंबरात ती तिथे उगवायची. मी एजंटला मेल करायचे, त्याचं उत्तर यायचं, ‘खिडक्या उघड्या ठेवत जा.’ पाच अंशांत? हीटिंग चालू असताना? बिल कोण भरणार, तुझे काका? (हे मी मेलमध्ये लिहिलं नाही.)

आईने दोन दिवस घर नीट बघितलं आणि निदान केलं. ‘अगं, हा तर आपला श्रावण आहे. फ्रीजमध्ये ठेवलेला.’ आणि कामाला लागली. मी धुतलेले कपडे रेडिएटरवर वाळत घालायचे, ते बंद. ‘कपडे वाळतात, पण पाणी जातं कुठे? भिंतीवर.’ कपडे आता बाथरूममध्ये, पंखा लावून, दार घट्ट लावून. भात-आमटी करताना स्वयंपाकघराचं दार बंद. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या, की रात्रभराची दमट हवा बाहेर. मग बंद. रात्री काचांवर साचलेलं पाणी जुन्या टी-शर्टने पुसून घ्यायचं. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायचे, हे तर मी सांगायलाच नको. तीन आठवड्यांत घराचा कुबट वास गेला. म्हणजे एजंटचं म्हणणं बरोबरच होतं की! पण तेच आईच्या तोंडून ऐकल्यावर पटलं.

काम आटोपलं की आई खुर्ची ओढून खिडकीशी बसायची. ऊन येईल म्हणून, असं म्हणायची. ऊन काही येत नव्हतं. संध्याकाळी मी दार उघडलं की आतून आवाज, ‘आज नाही पडला.’

मग मीही हवामानाच्या मागे लागले. एरवी जे मी शाळेत केलं नाही ते, म्हणजे भूगोलाचा अभ्यास. कारण असं आहे की इथे पाऊस येतो तो अटलांटिकवरून, नैऋत्येकडून, आणि ती हवा उबदार असते. कडाक्याची थंडी येते उत्तरेकडून नाहीतर पूर्वेकडून, पण ती बहुतेकदा कोरडी असते. म्हणजे पाऊस असतो तेव्हा थंडी नसते आणि थंडी असते तेव्हा पाऊस नसतो. दोघांची गाठ पडली तरच बर्फ. त्यातही लंडनसारखं मोठं शहर स्वतःच्या उष्णतेने आजूबाजूच्या गावांपेक्षा गरम. एक गंमत मात्र कळली. इथे हिवाळ्यात पडणारा बराचसा पाऊस वर ढगात असताना बर्फच असतो, खाली येता येता वितळतो. मी मोठ्या उत्साहाने हे आईला सांगितलं. आई खिडकीबाहेरच्या पिरपिरीकडे बघून म्हणाली, ‘म्हणजे माझ्यापर्यंत पोचेपर्यंतच दम निघत नाही त्याला.’

ख्रिसमसवर आशा होती. ‘व्हाइट ख्रिसमस’ची इथली सरकारी व्याख्या फार उदार आहे. २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कुठेही बर्फाचा एक कण पडताना दिसला की झालं. लोक त्यावर पैजा लावतात. त्या वर्षी २४ तारखेला हीथ्रोला पारा १५ अंशांच्या वर गेला, आम्ही दोघी स्वेटर काढून बसलो. आणि २५ ला स्कॉटलंडमध्ये बर्फ पडला, त्यामुळे कागदोपत्री व्हाइट ख्रिसमस! आई म्हणाली, ‘आमच्या वेळी स्नो तोंडाला लावायचे, अफगाण स्नो. तो तरी हमखास मिळायचा.’

आणि मग आला सोमवार, ८ जानेवारी २०२४. दुपारी दीडच्या सुमारास ऑफिसमध्ये कुणीतरी ओरडलं, ‘स्नो!’ मीटिंग सोडून सगळे खिडकीशी. सातव्या मजल्यावरून दिसत होतं, खरंच पडत होता. बारीक, तिरपा, वाऱ्यावर भरकटणारा, खाली पोचून लगेच विरघळणारा. मी आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पाच वेळा. कुठे गेली ही? नेमकी आत्ताच? दहा मिनिटांत खेळ खलास, रस्ता पुन्हा नुसता ओला. नंतर आईचा मेसेज आला, ‘फोन चार्जिंगला होता. काही काम होतं का?’ मी लिहिलं, ‘नाही, सहज.’

संध्याकाळी दार उघडलं तर आतून नेहमीचा आवाज आला, ‘आज नाही पडला.’ मी बूट काढत बसले. काय सांगणार? तू दहा मिनिटं खिडकीपासून दूर गेलीस आणि नेमका तेव्हाच पडला, असं? नाही सांगितलं.

पण ते डाचत राहिलं. पुढच्या आठवड्यात थंडीची लाट आली. आमच्याकडे निळंशार आकाश आणि कोरडा गारठा, उत्तर स्कॉटलंडमध्ये मात्र शाळा बंद होण्याइतका बर्फ. मी ठरवलं, बस झालं. किंग्ज क्रॉसहून इन्व्हर्नेसची ट्रेन पकडायची, वाटेत अ‍ॅव्हिमोर, सात-साडेसात तास. तिकिटांचे आकडे बघून पोटात गोळा आला, तरी वीकएंडचं बुकिंग करायला बसले. तेवढ्यात टीव्हीवर नवीन वादळ जाहीर झालं. आता अक्षर होतं आय. नाव? ईशा!

‘ईशा?’ आई म्हणाली. ‘मालतीच्या नातीचं नाव. बारशाला मीच सुचवलं होतं.’ तर या ईशाबाईंनी रविवारी रात्री स्कॉटलंडमधल्या गाड्याच बंद पाडल्या. बुकिंग केलं नव्हतं हे नशीब. पण लॅपटॉप मिटताना मला एकदम भरून आलं आणि मी सगळं ओकून टाकलं. की आई, आठ तारखेला पडला होता. तुला पाच फोन केले. तू नेमकी कुठे होतीस? मला वाटलं तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

आई आठवत राहिली. ‘आठ तारीख. सोमवार ना? मी मेथी आणायला गेले होते, लंडन रोडवरच्या दुकानात.’ मग जरा थांबून, ‘दुपारी?’

‘दीड वाजता.’

‘अगं, येताना काहीतरी पांढरं उडत होतं. कापसासारखं. मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी गादी झटकतंय. अशी चीड आली! कोटावर पडलं, केसांत पडलं. मी आपली चालता चालता झटकत होते.’

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो.

‘तोच होता?’

‘तोच होता, आई.’

‘आवाज नाही गं त्याला काही.’ एवढं बोलून ती उठली, दाराजवळच्या खुंटीवरचा कोट काढला आणि दिव्याखाली धरून त्याची बाही उलटसुलट बघितली. तेरा दिवसांनंतर तिथे काय असणार? तरीही तिने तो परत लावताना झटकला नाही.

इंडियात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, तरी तिने मावशीला फोन लावला. मावशी घाबरून उठली, काय झालं, बरी आहेस ना? मी आत चहा टाकत होते, मला आईचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

‘हो, हो, बरी आहे. ऐक तर. पडला. नाही गं, खिडकीतून नाही, अंगावर. हो, चांगला डोक्यावर पडला. मेथी होती हातात.’