थांबण्याचाही रियाज लागतो

मिरजेत माझा तबल्याचा वर्ग आहे. त्याआधी एकतीस वर्षं मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं. आता वय एकाहत्तर. नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्याच आठवड्यात सांगतो, की नाद काढायला बोटं लागतात तशी तो आवरायलाही लागतात. 'ना' वाजवताना तर्जनी किनारीवर पडते, तेव्हा अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते. ती नीट टेकली नाही तर 'ना' स्वच्छ निघत नाही. डग्ग्यावर 'क' वाजवताना अख्खा पंजा पडतो आणि गुंजन तिथल्या तिथे मिटतं. खुले बोल पोरं लवकर उचलतात, बंद बोल हातात बसायला वेळ जातो.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी मुलांना फक्त उजव्या हाताने 'तेटे तेटे' घोटून दाखवत होतो. डावा हात मांडीवर होता. समोरची मुलगी म्हणाली, "सर, तुमचा डावा हातपण वाजतोय." खाली पाहिलं तर डाव्या हाताची दोन बोटं मांडीवर उजव्याची नक्कल करत होती. पन्नास वर्षांच्या रियाजात असं कधी झालं नव्हतं. त्या रात्री मी जुनी पुस्तकं काढली, मग नवं संशोधन वाचायला लागलो.

उजवा हात मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्धाच्या ताब्यात असतो. तो हलतो तेव्हा दोन्ही अर्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्यातून पलीकडे निरोप जातो, की तू गप्प राहा. वय वाढतं तसा हा निरोप क्षीण होत जातो, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. गप्प करण्याचं हे काम ज्या रसायनावर चालतं त्याचं नाव गॅबा. मेंदूत ते सापडलं १९५० साली. ग्लूटामेट हे पेशींना चेतवणारं मेंदूतलं मुख्य रसायन, आणि गंमत अशी की त्याच्यापासूनच एका विकराच्या मदतीने गॅबा तयार होतं. गॅबा पेशीच्या दारावर पोचलं की क्लोराइडची वाट उघडते आणि ती पेशी पेटायला अवघड होते. आपली प्रत्येक हालचाल या दोघांच्या तोलावर उभी आहे. पेला उचलताना जेवढे स्नायू कामाला लागतात, तेवढ्याच कसोशीने बाकीचे आवरून धरावे लागतात.

जिवंत माणसाच्या मेंदूतलं गॅबा एमआरआयच्या यंत्रावर विशिष्ट पद्धतीने मोजता येतं. हालचालींशी संबंधित भागांत ज्येष्ठांमध्ये ते तरुणांपेक्षा कमी असल्याचं बऱ्याच अभ्यासांत आढळलं. सगळ्यांचा सूर एक नाही. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो, त्याचा हिशेब कसा धरायचा यावर मतभेद आहेत. पण थांबायला लागणारा वेळ घड्याळावर मोजता येतो. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं आणि मध्येच सूर वाजला तर हात आवरायचा, अशी एक साधी चाचणी आहे. तिच्यात वय वाढलेल्या माणसाला हात आवरायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो.

मला जे कळकळीने सांगायचं आहे ते इथून पुढे आहे. म्हातारपण म्हटलं की आपण ताकद मोजतो. गुडघे, हाडं, कॅल्शियम, प्रोटीन यांची चर्चा घरोघरी होते. आवरण्याची शक्तीही झिजते, हे कुणी बोलत नाही. त्यामुळे दोन चुका आपण रोज करतो.

पहिली चूक गोळ्यांची. माझी थोरली बहीण, आमची अक्का, वय अठ्ठ्याहत्तर. झोप लागत नाही म्हणाली, तर एका नातेवाइकाने स्वतःच्या पाकिटातल्या झोपेच्या गोळ्या तिला काढून दिल्या. पंधरा दिवसांनी पहाटे तीनला ती बाथरूमला उठली आणि दाराशी पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती मला म्हणाली, "अरे, पायपुसण्यात पाय अडकला ते कळलं रे, पण सावरायला दुसरा पाय पुढे आलाच नाही."

अल्प्राझोलामसारख्या गोळ्या गॅबाचाच जोर वाढवतात. मग कुणी विचारेल, गॅबा कमी झालं असेल तर ही गोळी चांगलीच की! तसं नाही. गोळी मेंदूभर एकसारखी पसरते. तबल्याला गवसणी घालून वाजवला तर आवाज दबतो, पण त्याला बंद बोल म्हणत नाहीत. बंद बोलात कुठे दाबायचं आणि किती क्षण, हे ठरलेलं असतं. गोळीला ती जागा कळत नाही, तो क्षणही कळत नाही. ती झोप आणते, आणि तोल सावरणारी चपळाईही झोपवते. म्हणूनच ज्येष्ठांनी या गोळ्या शक्यतो टाळाव्यात असं अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेची यादी सांगते. आपल्याकडे अल्प्राझोलाम 'एच-वन' यादीत आहे. दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव नोंदवून ती वही तीन वर्षं जपायची असते. पण घरातल्या घरात हातोहात फिरणाऱ्या पाकिटाची नोंद कोणती वही ठेवणार? ती जबाबदारी आपलीच.

दुसरी चूक घाईची. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ साली वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या. बारा जण बोलण्यासाठी चालायचे थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. एका वेळी एकच काम निभावणारा मेंदू किती ताणलेला असतो, ते यातून कळतं. आणि आपण मात्र रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना मागून "चला, चला" म्हणतो, बसच्या पायरीवर पाय ठेवलेल्या आजीला तिकिटाचं विचारतो.

आमच्या सकाळच्या ज्येष्ठ मंडळींत मी एक खेळ सुरू केला आहे. सगळ्यांनी मैदानात चालायचं, मी टाळी दिली की जागच्या जागी थांबायचं, दुसऱ्या टाळीला पुन्हा निघायचं. भिंतीजवळ चालायचं आणि कुणीतरी सोबत असायचं, एवढा नियम. याने गॅबा वाढतं असा माझा दावा नाही. पण तोलाचे व्यायाम नेमाने केले की पडणं कमी होतं, याला भक्कम पुरावा आहे. मी स्वतः रोज वीस मिनिटं उजवा हात वाजवतो आणि डावा मांडीवर निश्चल ठेवतो. बोटं अजून कधीकधी हलतात, पण आता ती हलली की माझ्या लक्षात येतं.

अक्का आज वॉकर धरून चालते. तिच्यासारखी वेळ दुसऱ्या घरावर येऊ नये म्हणून दोन गोष्टी मागतो. या रविवारी आईवडिलांच्या उशाशी असलेला गोळ्यांचा डबा उघडा, प्रत्येक गोळी कुणी आणि कधी लिहून दिली ते पाहा, आणि यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. झोपेची गोळी जुनी असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही अपाय होतो. आणि जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारायची असेल, तर ते माणूस वर पोचेपर्यंत थांबा.