ऊस आपला, कारखाना कोणाचा?

परीक्षेच्या आदल्या रात्री एखादी शंका गुगलवर टाकली की बऱ्याचदा उत्तर रेडिटवर सापडतं. ते उत्तर कंपनीच्या पगारी माणसाने लिहिलेलं नसतं. तुमच्या-माझ्यासारख्याच कुणीतरी फुकट लिहिलेलं असतं. बातम्या टाकणारे आपण, मत देऊन त्या वर नेणारे आपण. शिवीगाळ आणि स्पॅम काढणारे मॉडरेटरही बिनपगारीच. मग ही साइट नक्की कोणाची?

नगर जिल्ह्यातल्या पोरांना हा प्रश्न नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, 1950 च्या सुमारास. तत्त्व साधं होतं. ऊस पिकवणाराच मालक, आणि शेअर कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत. पुढे सहकारात किती राजकारण शिरलं हे आपण घरी ऐकतोच. तरीही भावावरून भडकलेला सभासद वार्षिक सभेत उभा राहून जाब विचारू शकतो, निवडणुकीत पॅनल पाडू शकतो.

सोशल न्यूज साइटवर ऊस आपला असतो, पण सभासदत्व नसतं. त्यामुळे भांडण झालं की हातात दोनच गोष्टी उरतात: गोंधळ घाला किंवा निघून जा.

डिग नावाची साइट आठवते का? नसेलच. 2010 च्या ऑगस्टमध्ये तिच्या मॅनेजमेंटने नवं रूप आणलं, मोठ्या प्रकाशकांना झुकतं माप दिलं आणि नापसंतीचं बटण काढून टाकलं. चिडलेल्या युजर्सनी डिगचं पहिलं पान प्रतिस्पर्धी रेडिटच्या लिंकांनी भरून टाकलं आणि बरेच जण तिकडेच गेले. दोन वर्षांनी डिग विकली गेली, बातम्यांनुसार अवघ्या पाच लाख डॉलरना.

मग रेडिटची पाळी आली. बाहेरच्या ॲप्सना रेडिटची माहिती वापरण्यासाठी कंपनीने 2023 मध्ये जबर दर लावले. अपोलो या लोकप्रिय ॲपच्या निर्मात्याने हिशोब मांडला: वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर. 12 जूनला आठ हजारांवर समूहांनी कुलूप लावलं. कंपनी हटली नाही. उलट, समूह उघडा नाहीतर तुमच्या जागी दुसरे नेमू, असं मॉडरेटरना सुनावलं. 30 जूनला अपोलो बंद पडलं.

डिगच्या वेळी जायला रेडिट होतं. रेडिटच्या वेळी तेवढी मोठी दुसरी जागाच नव्हती. शेतकरी ऊस दुसऱ्या कारखान्याला घालू शकतो. तुम्ही दहा वर्षांची उत्तरं आणि ओळखी कुठे घालणार?

रागाच्या भरात काहींनी आपलं जुनं लिखाण पुसून टाकलं. त्यात नुकसान कंपनीपेक्षा उत्तर शोधत आलेल्या पोराचं झालं.

गंमत पुढेच आहे. 2024 च्या मार्चमध्ये रेडिट शेअर बाजारात आली, तेव्हा काही शेअर युजर्स आणि मॉडरेटरसाठी राखून ठेवले. पण 34 डॉलरचा भाव मोजून! त्याच वर्षी, बातम्यांनुसार, गुगलने एआयसाठी ही माहिती वापरायला वर्षाला सहा कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. लिहिणाऱ्यांच्या हाती त्यातलं काहीच नाही.

साइट चालवायला पैसा लागतो, हे मान्य. दर ठरवण्याचा कंपनीचा हक्कही मान्य. पण फुकट राबणाऱ्यांना निर्णयाआधी पुरेशी मुदत आणि त्यांनीच निवडलेले प्रतिनिधी चर्चेच्या टेबलावर, एवढं तरी मिळायलाच हवं. आपण हे मागत नाही, कारण स्वतःला गिऱ्हाईक समजतो. तुम्ही गिऱ्हाईक नाही, ऊस पुरवणारे आहात.

तोवर एक करा. मेहनतीने लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीची प्रत स्वतःकडे ठेवा. आणि पुढच्या वेळी ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी आजोबांना विचारा, सभासद व्हायच्या फॉर्मवर त्यांनी सही करताना काय काय वाचलं होतं.