आपला इतिहास कोणत्या नावाखाली शोधाल?

अंबाजोगाईकडची एक मुलगी मागच्या महिन्यात आमच्याकडे आली. आईवडील हंगामात ऊसतोडीला जातात, ती आजीजवळ राहून बी.ए. करते. कॉलेजात तिला आपल्या भागातील चळवळीवर प्रकल्प लिहायचा होता. ग्रंथालयात जाऊन तिने सूचीत 'बौद्ध' हा शब्द पाहिला. लेणी सापडली, सम्राट अशोक सापडला, पण आजोबांची पिढी कुठेच नाही. "आपल्यावर कुणी लिहिलंच नाही का?" असे तिने विचारले.

लिहिले आहे. पण आपण टाकून दिलेल्या नावाखाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. त्याआधीच्या कागदांत आपल्याला 'महार', 'अस्पृश्य', 'हरिजन' असेच शोधावे लागते. ते शब्द वाचताना जीव जळतो, हे आम्ही जाणतो. पण विहिरीत पडलेली घागर काढायची तर गळ टाकावाच लागतो. जातपडताळणीसाठी पणजोबांचा शाळेचा उतारा शोधताना आपण हेच करतो.

गावांच्या नावांचेही तसेच. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. जुन्या इंग्रजी कागदांत बीडचे 'भीर' आहे, अंबाजोगाईचे 'मोमिनाबाद'. निजामाच्या काळातले पुष्कळ दप्तर उर्दूत आहे. त्यासाठी उर्दू जाणणारा माणूस गाठावा.

आता पुस्तकांचे. संदर्भ विभागातली पुस्तके घरी देत नाहीत. तिथेच वही घेऊन बसावे लागते. जिल्ह्याची माहिती जिल्हा गॅझेटिअरमध्ये पाहावी. एखादा विषय अडला तर मराठी विश्वकोश आहे. त्याचा पहिला खंड १९७६ चा, आणि आता तो मोबाईलवरही फुकट वाचता येतो. मराठीत कोणती पुस्तके निघाली हे शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त सापडते. तिचा एक भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. सूचीत मजकूर नसतो, मजकुराचा पत्ता असतो, हे लेकरांना समजावून सांगावे.

चळवळीसाठी महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे खंड आहेत. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. अठराव्या खंडात मराठी भाषणे तीन भागांत आहेत. १९८२ च्या साधनखंडात जुन्या वर्तमानपत्रांतील बातम्या आणि सरकारी कागद आहेत. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक १९९० मध्ये पुन्हा छापले गेले.

एक उदाहरण देतो. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यातील मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद झाली आणि बाबासाहेब तिथे बोलले. एवढी तारीख हाती आली की भाषणांच्या खंडात ते वर्ष काढता येते, आणि त्या सुमारास निघणाऱ्या 'जनता'च्या अंकांपर्यंत जाता येते. तारीख ही किल्ली आहे. म्हणून टिपण काढताना तारीख, पुस्तकाचे नाव आणि पानाचा आकडा कधी सोडू नये.

पण बंधुभगिनींनो, काही गोष्टी कुठल्याच सूचीत नाहीत. परिषदेचे हस्तपत्रक, विहाराच्या वर्गणीची पावती, मोर्चाचा फोटो, तुरुंगातून आलेले पत्र आपल्या घरच्या पत्र्याच्या पेटीत आहे. घर सारवताना, रंग देताना ते रद्दीत जाते आणि एका गावाचा इतिहास पुसला जातो.

येत्या वर्षावासात प्रत्येक विहारात एक दोनशेपानी वही ठेवावी. कागद कोणता, कोणत्या सालचा, कोणाच्या घरी आहे, एवढेच लिहावे. मूळ कागद ज्याचा त्याच्याकडेच राहू द्यावा. म्हाताऱ्या माणसांनी सांगावे, शिकलेल्या मुलींनी लिहावे.

त्या मुलीने आजीची पेटी उघडली आहे. तुमच्या घरची कधी उघडणार?

जय भीम!