गर्दीवर लावलेले भांडवल

जानेवारी २०२५ मध्ये अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला लाखाहून अधिक श्रोते लोटले. अशी गर्दी पाहिली की असे कार्यक्रम आणि फिरती प्रदर्शने भरविणाऱ्या कंपन्यांचे भाग घ्यावेत, असा मोह पगारातून चार पैसे मागे टाकणाऱ्या नोकरदारालाही पडतो. परंतु गर्दी म्हणजे नफा नव्हे, आणि कंपनीचा नफा म्हणजे भागधारकाची सुरक्षितता नव्हे. अमेरिकेतील ‘प्रीमियर एक्झिबिशन्स’ या कंपनीचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

१९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’ जहाजाचे अवशेष १९८५ मध्ये सापडले. तेथील वस्तू वर काढण्याचा एकाधिकार व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने १९९४ मध्ये ज्या कंपनीला दिला, ती पुढे ‘प्रीमियर’ची उपकंपनी झाली. सुमारे साडेपाच हजार वस्तू हाती आल्या आणि गावोगावच्या प्रदर्शनांतून लक्षावधी लोकांनी तिकिटे काढून त्या पाहिल्या. यांपैकी मोठ्या भागाचे मोल न्यायालयाने २०१० मध्ये सुमारे अकरा कोटी डॉलर धरले होते. असा खजिना ज्या कंपनीच्या ताब्यात, तिच्या भागधारकाला भीती ती कसली?

तरीही जून २०१६ मध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०१८ मध्ये हा सारा संग्रह अवघ्या १ कोटी ९५ लाख डॉलरांना काही गुंतवणूक-निधींच्या हाती गेला. याचे एक कारण उघड आहे. संग्रह अखंड ठेवावा, तो लोकांसाठी जतन करावा, अशा अटी घालूनच न्यायालयाने मालकी दिली होती. जी वस्तू सुटी विकता येत नाही, तिची ताळेबंदातील किंमत अडचणीच्या वेळी कामास येत नाही.

दुसरे कारण या धंद्याच्या प्रकृतीतच आहे. जागेचे भाडे, वाहतूक, विमा, जाहिरात हा खर्च पहिला प्रेक्षक येण्यापूर्वीच करावा लागतो. आणि आजची रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही. गिरणीचे कापड निदान गुदामात राहते. फिरते प्रदर्शन मुक्काम हलवून तोटा आवरू शकते. ‘प्रीमियर’ने मात्र न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर कायमचे दालन थाटले आणि २०१५ मध्ये तेथे प्रदर्शने सुरू केली. फिरतीच्या धंद्याने असे अचल ओझे अंगावर घेतले, की प्रेक्षक कमी झाले तरी भाडे कमी होत नाही.

मग या व्यवसायात पैसा कोणालाच मिळत नाही काय? मिळतो, पण मोठा वाटा बहुधा लोकप्रिय कलावंताकडे जातो. ‘लाइव्ह नेशन’सारखी बलाढ्य कंपनीदेखील मैफलींपेक्षा तिकीटविक्री आणि जाहिरातदार यांच्यावर अधिक कमावते.

जोखीम कोठवर पोहोचते, हे कॅनडातील ‘सर्क द्यू सोलेय’ या जगप्रसिद्ध सर्कशीने दाखविले. क्वेबेक प्रांतातील निवृत्तिवेतनाचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये तिचे दहा टक्के भाग साडेसात कोटी डॉलरांना वाढवून घेतले. पुढच्याच महिन्यात साथीमुळे खेळ थांबले. सुमारे नव्वद कोटी डॉलरांचे कर्ज डोक्यावर असलेली ही कंपनी त्याच वर्षी धनकोंच्या ताब्यात गेली आणि जुन्या भागधारकांचा हिस्सा बुडाला. तज्ज्ञांच्या फौजेनिशी गुंतवणूक करणाऱ्या संस्थेची ही गत, तर एकट्यादुकट्या पगारदाराची काय कथा!

म्हणून असे भाग घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. कंपनीची मत्ता खरोखर विकण्याजोगी आहे काय? सहा महिने एकही खेळ झाला नाही तर देणी कशातून भागणार? आणि धनकोंचे देणे फिटल्यावर भागधारकासाठी काय उरणार? याची समाधानकारक उत्तरे ताळेबंदात सापडत नसतील, तर तिकीट काढून कार्यक्रमाचा आनंद जरूर घ्यावा. भविष्यनिर्वाह निधीचा पैसा मात्र तेथे लावू नये. तिकिटात गेलेला पैसा ठरलेला असतो. भागांत गुंतविलेला सगळाच जाऊ शकतो.