तो थेंब घरी मिळत नाही

बोट कापलं तरी चिंधी गुंडाळून मोळी बांधणारी आमच्या गेवराईची माणसं डोळ्याला उसाचं पातं लागलं की जागेवर बसतात. कापसाच्या पऱ्हाटीचं टोक लागलं तरी तीच गत. डोळा उघडवत नाही, मिटला तर खुपतो, पाण्याची धार लागते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. पण संवेदनेच्या नसांची तिथे प्रचंड दाटी.

मग आपले नेहमीचे इलाज. पदराचा बोळा करून तोंडाची वाफ, नाहीतर एरंडेल, जवळ ओली बाळंतीण असेल तर अंगावरचं दूध. तेवढ्यानं भागलं नाही की मेडिकल.

मागच्या हंगामात शेजारच्या वहिनींबरोबर डोळ्याच्या दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी एक थेंब टाकला आणि बघता बघता वहिनींच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग केशरी कागदाची पट्टी पापणीच्या आत टेकवून निळा उजेड टाकला. बुबुळावर पोपटी रेघ चमकली, पातं जसं ओढलं गेलं तशी तिरपी.

‘‘डॉक्टर, हेच औषध द्या ना बाटलीभर. उद्या फडात जायचंय.’’

‘‘ते सोडून काहीही मागा, ताई.’’

नकाराला कारण होतं. बधिर करणारा थेंब वारंवार टाकला तर ओरखडा भरून यायचाच थांबतो. वर कचरा गेलेला कळत नाही, डोळा चोळला जातो, जखम वाढते. हे बधिर करणं मुळात कोकेनपासून सुरू झालं. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं ते शोधलं. हायडेलबर्गच्या परिषदेला जायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून निबंध दुसऱ्यानं वाचला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला त्या शोधानं केवढा आधार दिला! पण त्याची जागा दवाखान्यातच.

वहिनींना मिळालं ते जंतुनाशक औषध, बाहुली मोठी करून आतला पेटका सोडवणारे थेंब, दुखण्याची गोळी आणि काळा चष्मा. साधा ओरखडा दोन-तीन दिवसांत भरतो. त्यांचाही भरला.

मला खरी धास्ती वाटते ती मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या बाटलीची. लाली झटकन उतरते, माणूस खूश. पण पात्याबरोबर बुरशी आत गेली असेल तर तिला रान मोकळं. मग नाटामायसिनचे थेंब तासातासाला, आठवडेच्या आठवडे. आणि एवढं करूनही बुबुळावर फूल पडायचं ते पडतंच.

नेपाळात भक्तपूरला यावर सोपा उपाय करून पाहिला गेला. गावातल्याच आरोग्यसेवकांना ओरखडा ओळखायला शिकवलं आणि ४८ तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम सुरू करायला सांगितलं. बहुतेकांचे डोळे जखम न चिघळता बरे झाले. तो अभ्यास २००१ साली छापून आला.

हे फडावर का होऊ नये? टोळी निघते तेव्हा ट्रॅक्टरमध्ये पीठ-मीठ, भांडी, लेकरं, शेळ्या सगळं चढतं. त्यात शिकवून तयार केलेली एक बाई आणि मलमाच्या चार ट्यूबा जड होणार नाहीत. खर्च कारखान्यानं करायचा की मुकादमानं, एवढ्यावरच घोडं अडत असेल, तर ते उचल वाटतानाच मिटवून टाका.