वैद्याचे मौन

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला केलेल्या उपदेशात आतुराच्या घरची गोष्ट बाहेर फोडू नये असे बंधन आहे. आणि राजाच्या रोषास पात्र झालेल्यावर उपचार करू नयेत असेही आहे. पहिले आपण अभिमानाने सांगतो, दुसरे सहसा झाकून ठेवतो. हे दुसरे बंधन सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने एका अर्थी संपवले : जखमी मनुष्य अपराधी असो वा निरपराध, आधी उपचार.

पहिले अजून सुटलेले नाही. बेंगळूरुवासी न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेमुळे २०१७ साली खासगीपणाला मूलभूत हक्काची प्रतिष्ठा लाभली. परंतु २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये बालकावरील लैंगिक अत्याचार पोलिसांना कळवणे डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात, न कळवणे हा गंभीर गुन्हा होय, असे न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये बजावले. तत्पूर्वी पाचएक आठवडे त्याच न्यायालयाने, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव तिच्या व पालकांच्या विनंतीवरून पोलिसांना न देण्याची मुभा दिली होती. मला यात विसंगती दिसत नाही. गुपित रुग्णाचे असते. ते ना डॉक्टरचे, ना अत्याचाऱ्याचे.

भाषेच्या अभ्यासकांनी मात्र तिसऱ्या माणसाकडे पाहावे. बेळगावकडची मराठी बाई बेंगळूरुत कन्नड डॉक्टरांसमोर बसते तेव्हा मध्ये दुभाषी लागतो. बहुधा तो तिचा नवराच असतो. डॉक्टरांच्या मौनाला नियम आहेत, त्याच्या मौनाला कोणते? आणि तिला सांगायचे असते ते कधी कधी त्याच्याविषयीच असते.